साडी आकसली, दोष कुणाचा?

पाण्याची रिकामी बाटली आणि कपाटातली पॉलिएस्टरची साडी या दोघी सख्ख्या बहिणी आहेत असं कुणी सांगितलं, तर पटकन विश्वास बसणार नाही. पण दोघींचा मूळ पदार्थ एकच. पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट असं त्याचं लांबलचक नाव आहे. बाटल्या गोळा करायच्या, धुवायच्या, त्यांचे तुकडे करून वितळवायचे आणि त्यातून धागा काढायचा, हा आज आपल्याकडे चांगला चालणारा धंदा आहे.

मग एक बहीण कडक आणि पारदर्शक, दुसरी मऊ आणि चापूनचोपून नेसता येईल अशी, हे कसं? आणि साड्यांमध्येसुद्धा केवढा फरक! एक साडी वीस वर्षं वापरून वापरून आपण कंटाळतो, पण ती काही फाटत नाही. दुसरी पहिल्या इस्त्रीलाच अंग चोरते. लेबलावर मात्र दोन्हीकडे 'पॉलिएस्टर' एवढंच.

मी बी. ए. झाले ती मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण आमच्या बचत गटात एका साडीवरून असा काही वाद झाला की मला या धाग्याच्या मुळाशी जावंच लागलं. माझा एक मावसभाऊ कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये पुष्कळ वर्षं नोकरी करून निवृत्त झाला आहे. त्याच्यामागे लागून, थोडं वाचून, जे समजलं ते सांगते. वादाचंही सांगते, पण त्याआधी धागा समजून घेऊ, म्हणजे भांडण नीट कळेल.

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. शिजवलेल्या शेवयांचा गोळा डोळ्यांपुढे आणा. कुठली कुठे सुरू होते, कुठे संपते, पत्ता नाही. कारखान्यात हा पदार्थ साबुदाण्याएवढ्या दाण्यांच्या रूपात येतो. ते दाणे आधी कडकडीत वाळवतात. त्यात जरा जरी ओल राहिली तरी पुढच्या उष्णतेत ते पाणी साखळ्या तोडतं आणि धागा कमजोर निघतो. पुरणात पाणी राहिलं की पोळी फुटते ना, तसंच. मग हे दाणे २८० ते २९० अंशांना वितळवतात. आपण पुऱ्या तळतो ते तेल साधारण १८० अंशांच्या आसपास असतं, यावरून कल्पना येईल.

वितळलेला रस बारीक भोकांच्या चकतीतून दाबून खाली काढतात. अगदी आपला सोऱ्या! फक्त भोकं सुईच्या टोकाएवढी. खाली येणाऱ्या धारांवर बाजूने गार हवा सोडतात आणि खाली त्या गुंडाळून घेतात. इथेच पहिली गंमत आहे. किती वेगाने गुंडाळायचं यावर धाग्याचा स्वभाव ठरतो. मिनिटाला हजारेक मीटरच्या वेगाने घेतला तर आतल्या साखळ्या बऱ्याचशा गुंत्यातच राहतात. तीन हजार मीटरच्या पुढे घेतला, तर ओढीमुळे त्या काही प्रमाणात एका दिशेला वळतात. मिनिटाला तीन किलोमीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आपली एक्सप्रेस गाडीसुद्धा एवढी पळत नाही! सुरत-भिवंडीचे व्यापारी 'पीओवाय' म्हणतात तो हा अर्धवट ओढलेला धागा. वेग सहा हजारांवर नेला तर खाली येता येताच साखळ्या शिस्तीत लागतात. पदार्थ तोच, भोकंही तीच. केवळ वेगाने फरक पडतो.

दुसरी पायरी ताणण्याची. कमी वेगाने काढलेला धागा नुसता ओढला तर च्युइंग गमसारखा लांबत जातो आणि परत जागेवर येत नाही. त्याची साडी विणली तर दोन दिवसांत ढोपरावर पिशव्या येतील. म्हणून तो ऐंशीएक अंशांना गरम करून मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट ताणतात. गुंतलेले केस तेल लावून विंचरावेत तशा साखळ्या सरळ होतात. काही ठिकाणी त्या अगदी घट्ट वेणीसारख्या शेजारी शेजारी बसतात, मध्ये मध्ये थोडे केस मोकळे राहतात. घट्ट वेणीचा भाग ताकद देतो, आकार धरून ठेवतो. मोकळ्या भागामुळे मऊपणा येतो, आणि रंग आत शिरतो तोही याच वाटेने. धाग्याला दोन्ही हवं. नुसती वेणीच वेणी झाली तर कापड काटक आणि रंगाला हट्टी होईल.

ताणल्याने धाग्यात जीव येतो हे प्रथम ज्याच्या लक्षात आलं, तो अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचा ज्युलियन हिल. साल १९३०. वॉलेस कॅरोदर्स या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो काम करत असे. भांड्यातल्या चिकट गोळ्यात काडी बुडवून त्याने वर ओढली आणि तार निघाली. ती तुटेना. मग ही मंडळी ती तार घेऊन वऱ्हांड्यातून चक्क पळाली, किती लांबते ते पाहायला, असं सांगतात. ओढलेली तार रेशमासारखी चमकू लागली आणि मजबूतही झाली. पण त्या पहिल्या धाग्यात एक खोट होती. तो फार कमी उष्णतेला वितळायचा. गरम पाणी, इस्त्री त्याला सोसायचीच नाही. म्हणजे बघा, सुरुवातीपासून इस्त्रीच आडवी आली आहे! मग कॅरोदर्सने दुसऱ्या जातीचे पदार्थ करून पाहिले आणि १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं. मे १९४० मध्ये अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे सगळीकडे विकायला आले तेव्हा दुकानांपुढे बायकांची झुंबड उडाली. कॅरोदर्स हे बघायला नव्हता, तो १९३७ सालीच गेला. पुढे १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी, उष्णता चांगली सोसणारं पॉलिएस्टर काढलं. तेच टेरिलीन. आपल्या वडिलांच्या पिढीने टेरिलीनचे शर्ट किती मिरवले! आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत या साड्या गावोगावच्या बाजारात दिसू लागल्या आणि धुवायला, वाळायला सोप्या म्हणून आपण त्या आपल्याशा केल्या.

या सगळ्या पुरुषांच्या गर्दीत एक बाई आहे, तिच्याबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. स्टेफनी क्वोलेक. वडील ती दहा वर्षांची असताना गेले. आई शिवणकाम जाणणारी, आणि स्टेफनीलाही लहानपणी कपड्यांच्या फॅशनची भारी हौस. पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं, पण शिक्षणाला पैसे हवेत म्हणून १९४६ मध्ये ड्यूपाँमध्ये तात्पुरती नोकरी धरली. ती 'तात्पुरती' नोकरी चाळीस वर्षं चालली. साधारण १९६५ च्या सुमारास गाडीच्या टायरसाठी हलका पण मजबूत धागा शोधायचं काम तिच्याकडे होतं. एके दिवशी तिने केलेलं द्रावण ताकासारखं पातळ आणि गढूळ झालं. असं झालं की ते फेकून द्यायचं ही रीत. तिने नाही फेकलं. चकतीतून धागा काढून देणाऱ्या तंत्रज्ञाने सुरुवातीला साफ नकार दिला. यातल्या कणांनी माझी भोकं तुंबतील, म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा, रोज ती साफ त्यालाच करावी लागत असणार. पण बाई मागेच लागल्या, आणि शेवटी त्याने काढून दिला. त्या धाग्याचा ताठपणा असा काही भरला की मोजमाप चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा पुन्हा चाचण्या करवून घेतल्या.

त्याचं कारणही साखळ्यांच्या मांडणीतच होतं. या पदार्थाच्या साखळ्या शेवयांसारख्या लुळ्या नव्हत्या, तर खराट्याच्या काड्यांसारख्या ताठ. द्रावणातच त्या एका दिशेने जुड्या करून पडल्या होत्या, म्हणून ते गढूळ दिसत होतं. भोकातून वाहताना त्या आणखी सरळ झाल्या. पुढे तो धागा तापवला की त्याची ताकद अजून वाढायची. हेच केव्हलार. वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत. गोळी अडवणारी जाकिटं याचीच बनतात. तिने पेटंटचे हक्क कंपनीला लिहून दिले होते, त्यामुळे त्यावरचं मानधन तिला मिळालं नाही. २०१४ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती वारली.

असो. आता तिसरी पायरी, आणि माझ्या मते आपल्या बायकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. ताणलेला धागा मनातून नाराज असतो. साखळ्यांना मूळच्या गुंत्यात परत जायचं असतं, पण गार झाल्यामुळे त्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या सैल होतात आणि धागा आखडतो. हे घरीच बघता येतं. पाण्याच्या रिकाम्या पातळ बाटलीत कढत पाणी ओता. (मोरीत, जपून. आणि ते पाणी प्यायचं नाही.) बाटली क्षणात वाकडीतिकडी होऊन आकसते. कारण ती गरम असताना फुगवून, ताणून, लगेच गार केलेली असते. सत्तर-ऐंशी अंशांच्या वर तिला मोकळीक मिळाली की ती मागे फिरते.

साडीने असं करू नये म्हणून कापड ताणून धरून १८० ते २०० अंशांच्या आसपास तापवतात. प्रोसेस हाउसमध्ये 'स्टेंटर' नावाचं लांबलचक यंत्र असतं. दोन्ही काठ चिमट्यांत धरून कापड त्यातून पुढे सरकत जातं. या उष्णतेत जिथे जिथे साखळ्या शेजारी आहेत तिथे आणखी घट्ट वेण्या पडतात आणि मधला ताण निवतो. मग तो धागा, ज्या उष्णतेला त्याला असं बसवलं त्याच्या खालच्या उष्णतेला सहसा हलत नाही. १९० अंशांना बसवलेल्या साडीला १५० अंशांच्या इस्त्रीची काय पर्वा? शाळेच्या पिनोफ्रॉकच्या कायमच्या चुण्या, क्रश साड्यांच्या चुरगळ्या, या सगळ्या याच तत्त्वावर बसवलेल्या.

भाऊ म्हणाला, "घाईच्या दिवसांत मशीनचा वेग वाढवतात. कापड आत असतं कमी वेळ. वरून बघून काही कळत नाही, चकाकी तीच दिसते." माल लग्नसराईच्या आत बाजारात जायला हवा असतो. तापमान दोन अंश कमी ठेवलं, वेग वाढवला, की विजेचा आणि वेळेचा पैसा वाचतो. त्याची भरपाई कोण करतं, ते आता सांगते.

आमच्या गटातली एक बाई कॉलनीत इस्त्री करते. कोळशाची इस्त्री, हातगाडीवर. साडीचे पंधरा रुपये. ओल्या फडक्यावरून फिरवून, गालाजवळ धरून ती इस्त्रीची धग ओळखते आणि वीस वर्षांत तिच्या हातून कापड जळलेलं मी तरी ऐकलं नाही. गेल्या वर्षी एका काकूंनी तिच्याकडे नवी कोरी पॉलिएस्टरची साडी दिली. ९०० रुपयांची. परत आली ती काठाला सगळ्या सुरकुत्या घेऊन, आणि नेसायला घेतली तर निऱ्या पुरेनात. काकू संतापल्या. त्यांचंही बरोबर होतं, भाचीच्या लग्नात नेसायला आणलेली साडी. दुकानदाराने हात झटकले. "वहिनी, इस्त्री जास्त तापली असणार. माल आमचा एक नंबर." झालं! ९०० रुपये इस्त्रीवालीच्या हिशेबातून दर आठवड्याला कापायचे ठरले. नऊशे रुपये म्हणजे साठ साड्यांची फुकट इस्त्री. वर 'हिच्याकडे कापड देऊ नका' ही बोलणी आणखी वेगळी. ती बैठकीत येऊन रडली. म्हणाली, "ताई, त्याच कोळशावर त्या दिवशी अजून चार साड्या केल्या, त्यांना काही नाही झालं."

या तिच्या वाक्याने माझी ट्यूब पेटली. जास्त तापलेली इस्त्री असती तर बाकीच्या चारही बोलल्या असत्या. आणि जास्त तापलं तर पॉलिएस्टर आधी चकचकीत होतं, चिकटतं. इथे डाग नाही, चकाकी नाही, कापड नुसतं आकसलेलं.

भावाला फोन केला. त्याने विचारलं, जॉर्जेट आहे का? कारण जॉर्जेट, क्रेप यांच्या धाग्याला भारी पीळ असतो, ती कापडं पिळामुळेही आकसतात. म्हटलं नाही, साधी सपाट विणीची. मग त्याने सोपा उपाय सांगितला. साडीतून कापलेला ब्लाऊजपीस असेल तर तो मागून घे. तो साडीचंच कापड आहे, आणि त्याला इस्त्री लागलेली नाही.

काकूंचा ब्लाऊजपीस अजून शिंप्याकडे जायचा होता. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्यासमोर आम्ही त्याची लांबीच्या बाजूने दहा इंचांची पट्टी कापली. माझ्या एका जुन्या पॉलिएस्टर साडीच्या आतल्या टोकाचीही तेवढीच पट्टी घेतली. दोन्ही पट्ट्या पातेल्यात पाच मिनिटं उकळल्या, बाहेर काढून सुकवून टेपने मोजल्या. माझी पट्टी जवळपास दहाच इंच. काकूंची सव्वानऊ. हिशेब करून बघा, साडेपाच मीटरच्या साडीत हे जवळजवळ हातभर कापड होतं. काठाचा धागा वेगळा, तो आकसला नाही, म्हणून काठाला सुरकुत्या. उकळतं पाणी फार तर शंभर अंश. कुठल्याही इस्त्रीपेक्षा थंडच. त्यात जे कापड तीन चतुर्थांश इंच पळतं, ते कुणाच्याही इस्त्रीने आकसणार होतं, माझ्याही आणि काकूंच्याही.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग कापलेले तीनशे रुपये त्यांनी परत दिले आणि कापडही पुन्हा तिच्याकडेच द्यायला लागल्या. मला त्यांचं कौतुक वाटलं. एवढं सरळ मन सगळ्यांचं नसतं. दुकानदाराने मात्र दोन्ही पट्ट्या पाहून मान हलवली आणि पावतीच्या तळाशी छापलेल्या 'गॅरंटी नाही' या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ छापली की जबाबदारी संपते असा त्यांचा पक्का समज आहे. तो खरा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष मालाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्लाही मिळतो. काकूंनी पावती आणि पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. तक्रार करायची की नाही ते घरात अजून ठरायचंय.

साडीवर अंगभर फिकट-गडद उभे पट्टे दिसले, तर तो दोषही बहुधा धुण्याचा नसतो. पॉलिएस्टर साधारण १३० अंशांना, दाबाखाली रंगवतात. काही धागे जास्त ताणले गेले, काही कमी, तर ते रंगही कमीजास्त पितात. विणताना हे दिसत नाही, रंगल्यावर उघडं पडतं. अशी साडी घेतानाच उजेडात पसरून पाहावी.

आता आपल्या हातात जे आहे ते. इस्त्रीवरच्या टिंबांचा अर्थ पुष्कळ जणींना माहीत नसतो. एक टिंब म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉनला एक, पॉलिएस्टरला दोन, सुतीला तीन. नायलॉनची एक जात २२० अंशांच्या आसपासच वितळते, म्हणून सुतीची इस्त्री त्यावर ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पॉलिएस्टरच्या साडीवर कढत पाणी ओतून पिळू नका. गरम असताना पडलेली चुरगळ गार होताना तशीच थिजते आणि मग इस्त्रीलाही दाद देत नाही. कोमट पाणी पुरे. नायलॉन उन्हात वाळवू नका, उन्हाने त्याच्या साखळ्या तुटतात. अंगणातली नायलॉनची दोरी दोन-तीन उन्हाळ्यांत पिचते ती त्यामुळेच.

आणि गॅसपुढे या साड्या नकोतच. सुती पदर जळतो, हा वितळून कातडीला चिकटतो. त्याने झालेली भाजलेली जखम खोल जाते. पॉलिएस्टर घामही टिपत नाही. सुती धागा हवेतली आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, हा अर्धा टक्कासुद्धा नाही. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ते अंगावर घेऊन उभं राहणं ही शिक्षाच.

आमच्या गटातल्या इस्त्रीवाल्या तिघीजणी आता नवी सिंथेटिक साडी आली की आधी विचारतात, "वहिनी, ब्लाऊजपीसची दोन बोटं पट्टी देता का?" गिऱ्हाइकासमोर ती पट्टी मोजतात, घरी उकळतात, पुन्हा मोजतात. फार आकसली तर साडी न तापवता तशीच परत देतात. वहीत तारीख घालून पट्टी टाचून ठेवलेली असते. आतापर्यंत अकरा पट्ट्या झाल्या आहेत, त्यातल्या दोन नापास.